बसलेल्या आवाजाचा माग

गेल्या मे महिन्यात एका जुन्या मित्राचा मुलगा जालन्याहून तपोवन एक्स्प्रेसने परभणीला आला, तेव्हा त्याच्याबरोबर सतरंजीत गुंडाळलेली, सुमारे १९ किलो वजनाची एक पेटी होती. पेटीत फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारा गिटार अँप (अँप्लिफायर) होता. मित्राने तो १९८०च्या दशकात मुंबईतल्या एका वादकाकडून आपल्या ऑर्केस्ट्रासाठी विकत घेतला होता आणि माळेगावच्या यात्रेपासून परळीच्या महाशिवरात्रीपर्यंत टेम्पोच्या हौद्यातून पुष्कळ हिंडवला होता. मी नोकरीत असताना प्रशिक्षणार्थींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि त्याआधी काही वर्षे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात काळे केले, एवढ्याच भांडवलावर ही पेटी माझ्या टेबलावर आली. गिटार मला वाजवता येत नाही. त्याबद्दल मला फारसा संकोचही वाटत नाही, कारण ज्यांच्या नावाने हा अँप ओळखला जातो त्या लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ साली सुरुवात केली ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासूनच, आणि गिटार त्यांनाही वाजवता येत नव्हती.

“काका, ह्याचा आवाज बसलाय,” असे तो मुलगा म्हणाला. घसा बसावा तसा अँपचा आवाज बसतो हे वर्णन मला आवडले, परंतु एवढ्यावर दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मी पेटी उघडण्याआधी त्याला अर्धा तास नुसते वाजवायला लावले आणि चार गोष्टी विचारल्या: हळू वाजवताना आवाज कसा लागतो, जोरात वाजवताना कसा लागतो, छेडलेला स्वर विझत जाताना काय ऐकू येते, आणि अँप गरम झाल्यावर किंवा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्यात काही फरक पडतो का. त्याची उत्तरे, आणि माझ्या कानांनी दिलेली साक्ष, अशी होती. हळू वाजवताना आवाज पातळ आणि टोचरा होता. स्वर विझताना त्याच्या मागून कागद चुरगाळल्यासारखी बारीक खरखर येत होती. आवाज वाढवला की खालचे स्वर एकमेकांत कालवले जात होते, आणि अर्ध्या तासाने हे सगळे आणखी बिघडत होते. रात्रीच्या तालमीत तर अँप ‘मेल्यासारखा’ वाजतो, असेही त्याने सांगितले.

तोवर त्याने व्हॉल्व्ह दोनदा बदलले होते, नवा स्पीकर बसवला होता आणि टोनच्या भागातले कंडेन्सर (विजेचा भार साठवणारे सुटे भाग) काढून त्या जागी नारिंगी रंगाचे महागडे कंडेन्सर लावून घेतले होते. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी मूळ पद पुन्हा सुरू झाले. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असा जुना अँप आहे त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. सुटा भाग बदलणे हे निदान नव्हे, आणि एकदा पैसे खर्च झाले की कान काही दिवस खर्चाच्या बाजूने साक्ष देतात.

स्पीकरचा संशय सर्वांत स्वस्तात फिटतो, म्हणून तो आधी फेडून घेतला. हा अँप दुसऱ्या स्पीकरवर आणि दुसरा अँप ह्या स्पीकरवर वाजवून पाहिला, तेव्हा खरखर अँपबरोबर गेली आणि स्पीकर निर्दोष सुटला.

त्यानंतर मी विजेकडे वळलो, कारण ‘रात्री मेल्यासारखा वाजतो’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हते. हा अँप अमेरिकेतल्या ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेला आहे. आपल्याकडे तो २२० चे ११० करणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. हा ट्रान्सफॉर्मर काही व्होल्टेज स्थिर ठेवत नाही, जे येईल त्याचे निम्मे करून पुढे देतो. माझ्या घरी सकाळी सहाला २४४ व्होल्ट होते, आणि रात्री आठला, गल्लीतले सगळे कूलर सुरू असताना, मीटरने जेमतेम १९६ दाखवले. म्हणजे त्याच अँपला सकाळी १२२ आणि रात्री ९८ व्होल्ट मिळत होते. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि दहा टक्के इकडेतिकडे चालतात. ९८ व्होल्टवर हीटरला ५.३ सुद्धा पोहोचत नव्हते. कॅथोड पुरेसा तापला नाही की व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉन सोडायला कुरकुर करतो, आणि ती कुरकुर गिटारवाल्याला ‘दम नाही’ अशी ऐकू येते.

जालन्याला तर आणखी एक भानगड होती. वीज गेली की त्यांची तालीम घरातल्या जुन्या इन्व्हर्टरवर चालत असे, आणि तो इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा होता. आपल्या नेहमीच्या २३० व्होल्टच्या विजेची लहर शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते. चौकोनी लहरीला शिखरच नसते, ती २३० वर सपाट राहते. हीटरला ह्याने काही फरक पडत नाही, कारण त्याला फक्त उष्णता हवी असते. व्हॉल्व्हच्या प्लेटला, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागाला, लागणारी एचटी (उच्च दाबाची डीसी वीज) मात्र लहरीच्या शिखरावरून भरली जाते. त्यामुळे ज्या अँपमध्ये ४१५ व्होल्ट असायला हवेत, तिथे अशा इन्व्हर्टरवर ३१०च्या आसपासच उरतात, आणि शिवाय चौकोनी लहरीची करकर स्वरात मिसळते ती वेगळीच. हे त्याला कागदावर लहर काढून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, कारण नव्या स्पीकरचा निर्णय त्याने अशाच एका रात्री घेतला होता.

यापुढची सगळी मोजमापे मी डिमरस्टॅट (व्होल्टेज हवे तितके कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून, अँपला कायम ११२ व्होल्ट देऊन केली. ११७ ऐवजी ११२ ठेवण्याला कारण आहे. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो अधिक तापतो. परभणीच्या मे महिन्यात, जिथे टेबलावरचा पेचकससुद्धा हाताला चटका देतो, त्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला थोडा आराम दिलेला बरा.

मग चॅसिस, म्हणजे सगळे सर्किट बसवलेली धातूची चौकट, बाहेर काढली. वीज तोडून मोठ्या फिल्टर कंडेन्सरमधला साठा रेझिस्टरमधून उतरवला आणि मीटर शून्यावर आल्याची खात्री केली. पंधरा वर्षांचा असताना एका मर्फी रेडिओने मला ही सवय एका फटक्यात लावली आहे. यानंतर मी हत्यार उचलले नाही, वही उचलली. ह्या अँपच्या सर्किटचा मूळ नकाशा उपलब्ध आहे आणि त्यात प्रत्येक रेझिस्टन्स आणि कंडेन्सरची किंमत दिलेली आहे, त्यामुळे नकाशा डाव्या हाताला ठेवून एकेका टाक्याशी ताडून पाहणे, एवढेच पहिल्या दिवसाचे काम होते. जुन्या अमेरिकन सुट्या भागांवर छापलेले आकडे इथे फार कामाला येतात. व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टन्सवर) १३७ने सुरू होणारा आकडा असेल तर तो सीटीएस कंपनीचा, ट्रान्सफॉर्मरवर ६०६ असेल तर शूमाकरचा, आणि त्यापुढचे अंक वर्ष आणि आठवडा सांगतात. त्यावरून पॉट आणि दोन्ही मोठे ट्रान्सफॉर्मर मूळचे, १९७०च्या आसपासचे आहेत हे कळले आणि जीव भांड्यात पडला.

वहीत उतरलेले फरक मात्र एक पानभर झाले. आउटपुटला ६व्ही६ ह्या व्हॉल्व्हच्या जागी त्याचा थोरला भाऊ ६एल६ बसवलेला होता. जीझेड३४ ह्या रेक्टिफायर (एसीची डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या खोबणीत डायोडचा ठोकळा होता. बायसचा रेझिस्टन्स बदललेला होता. आउटपुटमधून मागे येणाऱ्या फीडबॅकच्या ८२० ओहम रेझिस्टन्सचे एक टोक कापून हवेत सोडले होते. फेज इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे आउटपुटच्या दोन व्हॉल्व्हना एकमेकांच्या उलट लहरी पुरवणाऱ्या टप्प्यात, १२एटी७ ऐवजी १२एएक्स७ होता. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जाऊन त्या जागी ०.६८चा आला होता. मागच्या बाजूला भोक पाडून मास्टर व्हॉल्यूम लावला होता आणि त्याच्या उघड्या वायरी चॅसिसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळत घातल्यासारख्या नेल्या होत्या. त्यावर ते नारिंगी कंडेन्सर होतेच.

असे पान समोर आले की पहिली ऊर्मी येते ती सगळे उपटून मूळ नकाशाप्रमाणे करण्याची, आणि माझ्या मते ही ऊर्मी आवरायला हवी. तसे केले तर अँप कदाचित सुधारेल, परंतु काय बिघडले होते हे कधीच कळणार नाही, आणि जे कळले नाही ते परत येते. शिवाय हे बदल करणारे सगळे मूर्ख होते असे मानणे मला पटत नाही. त्या त्या वेळी त्यांच्यासमोर काहीतरी तक्रार होती आणि त्यांनी तिच्यावर आपल्या परीने पांघरूण घातले. त्यामुळे मी यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘कोणी केले’ असे न विचारता ‘कशासाठी केले असावे’ असे विचारत गेलो. उत्तर न सापडणारी ओळ एकच होती: बायस इतका खाली का नेला?

बायस म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रीडला (प्रवाह आवरणाऱ्या जाळीला) दिलेला ऋण दाब (व्होल्टेज). तो जितका जास्त ऋण, तितका व्हॉल्व्ह विश्रांतीत कमी प्रवाह वाहतो. आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह लहरीचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेतात. एकाने सोडण्याआधी दुसऱ्याने हात दिला तर लहर अखंड राहते. बायस फार थंड ठेवला की दोघांच्या मध्ये फट पडते, एकाने ओझे सोडलेले असते आणि दुसऱ्याने अजून उचललेले नसते. मोठ्या आवाजात ही फट झाकली जाते, परंतु स्वर विझत आला की लहर लहान होते आणि ती फट लहरीच्या मानाने मोठी होते. विझत्या स्वरामागची कागद चुरगाळल्यासारखी खरखर ती हीच. प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टन्स लावून मी प्रवाह मोजला, कारण त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, गणित करावे लागत नाही. एका व्हॉल्व्हने ९ दाखवले आणि दुसऱ्याने २८. व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तरी २८ त्याच खोबणीत राहिले. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, खोबणीचा होता.

आउटपुटचे दोन्ही व्हॉल्व्ह काढून ठेवले आणि अँप सुरू करून रिकाम्या खोबणीतल्या पाच क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ग्रीडवर, दाब मोजला. एकीकडे उणे ५२ व्होल्ट आले, दुसरीकडे उणे ४४, आणि अर्ध्या तासाने उणे ४१. एकाच बायसमधून निघालेल्या दोन फाट्यांवर आठ व्होल्टचा फरक, तोही तापमानाबरोबर वाढणारा, याचा अर्थ कुठून तरी धन दाब आत झिरपत होता. आणि ग्रीडकडे धन दाब झिरपण्याची सर्वांत संशयाची जागा म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या प्लेटकडून येणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ज्याचे काम स्वराची लहर पुढे सोडून प्लेटचा स्थिर दाब अडवण्याचे असते. त्याचे ग्रीडकडचे टोक सोडवले, तसा दाब उणे ५२ वर आला. सुटलेल्या टोकाला मीटर लावले तर तिथे १३० व्होल्टच्या आसपास उभे होते. चांगल्या कंडेन्सरवर तिथे क्षणभर काटा हलून जवळजवळ शून्य यायला हवे, आणि शेजारच्या जोडीदाराने तसे दाखवलेही.

हा कंडेन्सर बाहेर काढून मी साध्या कपॅसिटी मीटरवर लावला, तेव्हा त्याने बरोबर ०.१ दाखवले. हे मुद्दाम सांगतो, कारण मीटर त्याला काही थोडे व्होल्ट देऊन तपासते आणि त्याला आयुष्य काढायचे असते दोनशे-अडीचशे व्होल्टखाली. कपॅसिटी बरोबर आली म्हणून सुटलेले असे आरोपी मी अनेक पाहिले आहेत.

इथून मागे वाचत गेले की त्या पानभर यादीचा उलगडा होतो. हे मी पाहिलेले नाही, खुणांवरून जुळवलेले आहे. कंडेन्सर गळू लागला तेव्हा एका ६व्ही६ची प्लेट लाल होऊ लागली असणार. दुरुस्तीवाल्याला वाटले, हा व्हॉल्व्ह नाजूक आहे. त्याने थोराड ६एल६ बसवला. तोही तापला, म्हणून बायस खाली, आणखी खाली नेला, लाली दिसेनाशी होईपर्यंत. लाली गेली, पण एक व्हॉल्व्ह जेमतेम सोसण्याजोगा आणि दुसरा गारठलेला, अशी जोडी झाली. दोन बाजूंचा प्रवाह असमान झाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका बाजूला चुंबकून राहतो आणि त्याची खालचे स्वर पेलण्याची ताकद घटते, त्यामुळे आवाज गढूळ झाला. ६एल६चा हीटर ६व्ही६च्या दुप्पट, म्हणजे ०.९ अँपिअर खातो. तो भार वाढून एचटी दबली, म्हणून डायोडचा ठोकळा आला. आवाजाचा जोर वाढावा म्हणून कोणीतरी फीडबॅक कापला आणि १२एएक्स७ घातला, त्याने तो आणखी खरखरीत झाला. खालचा चिखल कमी व्हावा म्हणून ०.६८चा कंडेन्सर आला. त्याने गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झला त्या टप्प्यातला गेन (लहर मोठी करण्याचे प्रमाण) जवळपास निम्मा केला आणि चिखलाबरोबर अंगही गेले. शेवटी पातळ आवाजावर इलाज म्हणून नवा स्पीकर आणि नारिंगी कंडेन्सर. त्या नारिंगी कंडेन्सरची खरेदी करताना नेमके आउटपुटकडचे हे दोन जुने कंडेन्सर तसेच ठेवले गेले, कारण त्यांचा ‘टोनशी संबंध नाही’ असे त्याला कोणीतरी सांगितले होते.

दुरुस्ती ह्याच क्रमाने केली आणि प्रत्येक पायरीनंतर मुलाला तीच एक ओळ वाजवायला सांगितली. आधी ते दोन्ही कंडेन्सर, ६३० व्होल्टचे साधे पॉलिप्रॉपिलीन. निर्दोष जोडीदारही बदलला, कारण तो त्याच वयाचा होता. मग पन्नास वर्षांचे फिल्टर कंडेन्सर. मग बायसचा मूळ रेझिस्टन्स आणि ६व्ही६ची नवी जोडी. जीझेड३४ आणावा लागला नाही. मित्राने तो वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता आणि मुलाला तो काय आहे हे ठाऊक नव्हते. ११२ व्होल्टवर एचटी ३९८ आली आणि प्रत्येक व्हॉल्व्हला २१ मिलिअँपिअर लावले. ६व्ही६ची सहनशक्ती १२ वॅट धरली तर हा तिच्या सत्तर टक्क्यांचा हिशेब होतो. विझत्या स्वरामागची खरखर ह्याच पायरीला गेली. मुलाने एक तार छेडली आणि ती पूर्ण विझेपर्यंत दोघेही बोललो नाही.

फीडबॅक जोडताच आवाज थोडा कमी पण बांधेसूद झाला. मास्टर व्हॉल्यूमच्या वायरी सुक्या बांबूच्या काडीने हलवल्या तर एका विशिष्ट जागी आवाज करवादत होता, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उंचीवर अँप स्वतःशीच गात होता. तो मास्टर काढून टाकला आणि भोक पितळी टोपीने बुजवले. १२एटी७ परत आला.

०.६८वरून मात्र आमचे मतभेद झाले. मूळ नकाशात २५ आहे, म्हणून तेच बसवावे असे माझे म्हणणे होते. त्याने दोन्ही लावून ऐकले आणि एका चॅनलमध्ये ०.६८ ठेवायला सांगितले, कारण बास गिटार आणि ढोलक असताना तिथे गिटारच्या जाड तारांनी गर्दी करू नये असे त्याला वाटते. वाजवणारा तो आहे, म्हणून एका चॅनलमध्ये २५ आणि दुसऱ्यात ०.६८ अशी तोड निघाली. नारिंगी कंडेन्सरही तसेच राहिले आहेत. ते महाग आहेत, निरुपद्रवी आहेत, आणि ते काढून माझे काहीच सिद्ध होणार नव्हते.

जालन्याला आता त्याने सर्व्हो स्टॅबिलायझर घेतला आहे आणि वीज गेली की तालीम थांबवतो. व्हायब्राटो (आवाज लयीत कमीजास्त करणारी सोय) सुरू केला की घड्याळासारखी एक बारीक टिकटिक अजून ऐकू येते. व्हायब्राटोच्या सर्किटमधल्या निऑन दिव्याला जाणाऱ्या वायरी ग्रीडच्या वायरींना फार चिकटून गेल्या आहेत, असा माझा संशय आहे. त्यासाठी दिवाळीनंतर पेटी पुन्हा परभणीला येणार आहे.